कोरडा पाय

विमानतळावर त्याला सगळे मौनी म्हणत, आणि यातली गंमत अशी की बोलण्याचे काम नेमके त्याच्याच वाट्याला आले होते. विमान निघण्याच्या वेळी त्याच्या नाकाखाली उभे राहायचे, कानांवर जाडजूड हेडफोन चढवायचा, त्याची तार विमानाच्या पोटाशी असलेल्या खाचेत खुपसायची आणि वर काचेआड बसलेल्या वैमानिकांशी बोलायचे. बोलायचे म्हणजे ठरलेली वाक्ये. दारे बंद आहेत. ब्रेक सोडा. मागे ढकलतो आहे. ब्रेक लावा. तार काढतो आहे. जेमतेम चाळीस शब्द, तेही कंपनीने छापून दिलेले. दुसऱ्या कुणाचा त्यात जीव घुसमटला असता. मौनीला मात्र त्यांचा आधार वाटे. काय बोलावे, हा त्याचा जन्माचा पेच त्या चाळीस शब्दांपुरता कुणीतरी आधीच सोडवून ठेवला होता.

गेले दीड वर्ष, जवळजवळ रोज सकाळी, हे शब्द तो एकाच आवाजाशी बोलत होता. सातच्या विमानावरची ती सहवैमानिक. आवाज किंचित घोगरा, पण प्रत्येक शब्द नीट ठेवलेला, जागच्या जागी. "गुड मॉर्निंग, ग्राउंड," एवढे ती छापील कागदाबाहेरचे बोले, आणि त्याला उत्तर म्हणून कागदावर काही दिलेले नव्हते. म्हणून मौनी रोज बसमध्ये एक वाक्य जुळवी. "आज हवा स्वच्छ आहे, वर गेल्यावर डोंगर दिसतील," असे काहीतरी साधे, ऐकणाऱ्याला ओझे न होणारे. तीन-चार थांबे जाईपर्यंत ते तोंडपाठ होई. प्रत्यक्षात तार जोडली की जीभ टाळ्याला चिकटे. "गुड मॉर्निंग. दारं बंद आहेत," एवढेच तो म्हणे. मग विमान वळून धावपट्टीकडे निघून जाई आणि न बोललेले वाक्य पाण्याविना गिळलेल्या गोळीसारखे त्याच्या घशात उरे. त्याच्याकडे अशी वाक्ये खूप साठली होती.

उड्डाणाआधी वैमानिकांपैकी एकाने खाली उतरून विमानाभोवती फेरी मारायची आणि सारे डोळ्यांनी पाहायचे, असा नियम आहे. कुणी टॉर्चचा झोत इकडेतिकडे फिरवून मोकळे होते. ती तशी नव्हती. चाकांना धरून ठेवणाऱ्या खांबाला तिथे सगळे पायच म्हणत. विमानाला असे तीन पाय, दोन पंखांखाली आणि एक नाकाखाली. ती नाकाखालच्या पायाशी थांबे, त्याच्यावर तळहात टेकवी, वाकून वरच्या पोकळीत पाही, आणि मगच वहीत सही करी. मौनी त्या वेळी पलीकडे चाकाशी काहीतरी करत असल्याचे दाखवी. तिने त्याच्याकडे क्वचितच पाहिले असेल. तिला ठाऊक होता तो त्याचा आवाज, आणि आवाजाला चेहरा लागत नाही.

एके सकाळी ती जिन्याची पायरी चढत असताना मौनीला तिच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर, कोपराच्या मागे, तिला दिसणार नाही अशा जागी एक जांभळट डाग दिसला. ते तेल त्याच्या चांगल्या परिचयाचे होते. त्याच्याच दाबाने विमानाचे पाय आत-बाहेर होतात, आणि त्याच्याच दाबाने चाकांचे ब्रेक लागतात. "मॅडम, तुमच्या बाहीला डाग लागलाय," इतकेच म्हणायचे होते. शब्द ओठांपर्यंत आले, आणि तोवर ती दारातून आत गेली.

तो पायाशी परतला. वरच्या बारीक नळीच्या जोडावर ओलसर चकाकी होती. त्याने घड्याळ लावून थेंब मोजले. चार मिनिटांत एक थेंब. एवढी गळती चालते. एवढ्याने विमान थांबवत नाहीत. पण ती वहीत लिहावी लागते, आणि लिहून होईपर्यंत पुसायची नसते, कारण ओल पाहूनच पुढच्या माणसाला गळती कळते. तो वहीकडे वळणार, इतक्यात विमान मागे ढकलणाऱ्या ट्रॅक्टरवरून, सगळे ज्यांना मामा म्हणत त्या चालकाची हाक आली.

"मौनी, आटप रे! विमान काय तुझ्या मुहूर्ताची वाट बघणार आहे?"

परतल्यावर लिहू, असे त्याने मनाशी म्हटले. ते राहून गेले. दुसऱ्या सकाळी पेन हातात घेतले आणि आठवले की अभियंता साहेब विचारतील, काल का नाही लिहिलंस? त्याला उत्तर नव्हते. साहेबांसमोर उत्तराविना उभे राहण्याची कल्पनासुद्धा त्याच्या अंगावर काटा आणी. पेन खिशात परत गेले. थोड्याच वेळात ती येणार होती आणि पायावर हात टेकवणार होती, म्हणून त्याने खिशातले फडके काढले आणि जोड पुसून लख्ख केला. तिने फेरी मारली, टॉर्च लावला, सही केली. बाही पांढरीशुभ्र राहिली. त्या दिवशी मौनीला उगाचच हलके वाटले. दीड वर्षात तिच्यासाठी काही केले असे ते पहिलेच होते.

त्याच संध्याकाळी त्याने ताईला विचारले, "पांढऱ्या कापडावरचा तेलाचा डाग कशानं जातो गं?"

तो ताईच्याच घरी मागच्या खोलीत राही. ताई भावजींच्या शर्टाला इस्त्री करत होती. ती थांबली. "तुझा गणवेश निळा आहे."

"सहज विचारलं."

"सहज!" ताईने इस्त्री उभी केली. "अहो, ऐकलंत का? आमच्या बंधुराजांना पांढरा डाग पडलाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अरे, शंभर माणसांचं विमान ढकलता येतं तुला, एक वाक्य पुढे ढकलवत नाही?"

भावजी वर्तमानपत्रामागे हसले. त्या रात्री मौनी ताटावरून लवकर उठला.

असे अकरा सकाळी चालले. पाचव्या सकाळी फडके पहिल्यापेक्षा जास्त ओले झाले. आठव्या सकाळी ते पिळता आले असते. मौनीला ते कळत नव्हते असे नाही. पण थेंब त्याने पुन्हा मोजले नाहीत. मोजले असते तर आकडा कळला असता, आणि आकडा कळला की साहेबांकडे जावेच लागले असते. तो पुसत राहिला. आपण लपवतो आहोत, असे त्याच्या मनात एकदाही आले नाही. आपण जपतो आहोत, असेच त्याला वाटत होते.

बाराव्या दिवशी सातचे विमान वेळेवर गेले. परतीला ते पावणेअकराला उतरायचे. दहा चाळीसला मौनी सामानाच्या गाड्यांपाशी उभा होता तेव्हा अग्निशमन दलाचा भोंगा वाजला आणि मामा ट्रॅक्टरवरून उडी मारून धावत आले.

"पुढचा पाय येईना! दोनदा आत-बाहेर केले पाय, मागचे दोन येतात, पुढचा अर्ध्यात अडकतोय. वर फेऱ्या मारतायत."

त्याने वर पाहिले. विमान नियंत्रण मनोऱ्याजवळून अगदी खालून गेले, मनोऱ्यातल्यांनी दुर्बिणीतून पाहावे म्हणून. त्याला दुर्बीण लागली नाही. नाकाखालची झाकणे उघडी होती आणि त्यांतून पाय अर्धाच बाहेर आला होता, गुडघ्यात वाकलेला.

तांत्रिक कक्ष पहिल्या मजल्यावर. मौनी जिने कसे चढला ते त्याला नंतर आठवले नाही. आत साहेब रेडिओसमोर बसले होते, पुढ्यात विमानाची वही. पाळीचे मुख्य अभियंते ते. आवाज चढवणे त्यांना कधी लागलेच नाही, आणि आजही त्यांचा आवाज शांत होता. रेडिओवर कॅप्टन बोलत होते.

"तेलाचं मापक निम्म्याखाली आलंय. तुमचं म्हणणं काय?"

साहेबांनी वहीवर बोट फिरवले. "वहीत गळतीचा एक शब्द नाही. फेरीच्या सगळ्या सह्या आहेत, पाय कोरडा होता. तेल जाईल कुठं? मापक चुकतंय, असं माझं मत. पाय पुन्हा आत घ्या आणि तिसऱ्यांदा बाहेर काढून बघा."

"ठीक. तिसऱ्यांदा करतो."

मौनी दारात उभा होता. एक क्षण त्याला वाटले, मापक खरेच चुकत असेल. पुढच्याच क्षणी हाताला ते फडके आठवले, त्याचे वजन. पाय दर वेळी आत-बाहेर होताना दाबाने तेल त्या जोडातून बाहेर पडणार. तिसऱ्यांदा केले तर उरलेलेही जाईल. मग जमिनीवर टेकल्यावर ब्रेक लागणार नाहीत. आणि धावपट्टीच्या टोकाला, तो रोज पाहत होता, खडकाळ ओढा होता.

"साहेब, मापक बरोबर आहे."

आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी मागे वळूनही पाहिले नाही. त्याने पुन्हा म्हटले, आणि या वेळी जवळजवळ ओरडला, "मापक बरोबर आहे! पाय आत घेऊ नका म्हणावं! गळती आहे. मी पुसत होतो."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले, रागाने नव्हे, ओळखीच्या माणसाला अनोळखी ठिकाणी पाहावे तसे. मग त्यांनी रेडिओचा माइक त्याच्यापुढे धरला.

"मला सांगण्यात वेळ जाईल. तूच सांग त्यांना."

मौनीने माइक हातात घेतला. तीच सहवैमानिक ऐकत असणार, हे त्याला ठाऊक होते. दीड वर्षात छापील कागदाबाहेरचे पहिले वाक्य तो आता तिच्याशी बोलणार होता, आणि बसमध्ये जुळवलेले एकही वाक्य त्याच्या उपयोगाचे नव्हते.

"ग्राउंड बोलतोय. पुढच्या पायाच्या नळीच्या जोडावर गळती आहे. अकरा दिवसांपासून. वाढत होती. तुम्ही फेरीला यायच्या आधी मी ती पुसत होतो, म्हणून तुम्हाला पाय कोरडा दिसला. मापक खरं आहे. तिसऱ्यांदा पाय आत घेऊ नका, ब्रेकला तेल उरणार नाही."

खरखर. मग तिचा आवाज, जागच्या जागी ठेवलेल्या शब्दांचा, "थेंब किती होते?"

"पहिल्या दिवशी चार मिनिटांत एक. नंतर मोजले नाहीत."

पुन्हा खरखर, या वेळी जरा लांब.

"कळलं, ग्राउंड," ती म्हणाली.

पाय तिसऱ्यांदा आत घेतले गेले नाहीत. पाय तेलाविना, नुसत्या वजनाने खाली सोडण्यासाठी एक आणीबाणीची मूठ असते. कॅप्टननी ती ओढली. मागचे दोन पाय पक्के बसले. पुढचा अर्ध्यात अडकला तो अडकलाच. उरलेले तेल ब्रेकसाठी राखून ठेवायचे आणि नाकावर उतरायचे, असे ठरले.

मौनी खिडकीशी उभा राहिला. विमान आले ते इतके हळू आले की ते येणारच नाही असे वाटावे. मागची चाके टेकली. नाक वर धरलेले, शक्य तितका वेळ, एखाद्याने भरलेले पातेले दोन्ही हातांत धरून चालावे तसे. मग नाक खाली आले, आणि धावपट्टीवर ठिणग्यांची एक लांब, पांढरी रेघ उमटत गेली. आवाज खिडकीच्या काचेपर्यंत थोडा उशिरा पोचला. तो काहीतरी फाटत असल्यासारखा आवाज मौनीने संपेपर्यंत ऐकला. ब्रेक धरत होते. ओढ्याच्या अलीकडे, फार अलीकडे नव्हे, विमान थांबले. दारे उघडली, घसरगुंड्या फुगल्या, माणसे बाहेर पडू लागली. साहेब मोजत होते, ओठांतल्या ओठांत. शेवटी ते म्हणाले, "ब्याण्णव उतारू आणि पाच आपले. सगळे." आणि खुर्चीत बसले. एका आजोबांचा घोटा मुरगळला, एवढ्यावर निभावले होते.

दूर गवतावर पांढऱ्या शर्टातली एक आकृती उतारूंना वाऱ्याच्या दिशेने लांब नेत होती. मौनी तिकडे गेला नाही. जाऊन काय म्हणणार होता?

त्याच दिवशी त्याच्याकडून हेडफोन काढून घेण्यात आला. दोन महिन्यांनी चौकशी बसली. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, पलीकडे तीन अधिकारी. एका बाजूला कॅप्टन आणि ती. मौनीने सगळे सांगितले: न लिहिलेली नोंद, न मोजलेले थेंब, फडके. कुणी आवाज चढवला नाही. त्यांतल्या वयस्क अधिकाऱ्याने चष्मा काढून विचारले, "एक कळत नाही. लिहिलं नाहीत, ते समजू शकतो, आळस, भीती. पण रोज पुसलंत का? पुसण्यात तुमचा काय फायदा?"

मौनीने टेबलाकडे पाहिले. उत्तर तयार होते, पाच-सहा शब्दांचे. पण हा अहवाल छापला जाणार होता, सगळ्या विमान कंपन्यांत वाचला जाणार होता. त्यात ते उत्तर गेले की तिच्या नावामागे एक हसू लागणार, ती जिथे जाईल तिथे जाणारे. जन्मभर तो शब्द गिळत आला होता, भीतीने. आज पहिल्यांदाच त्याने एक वाक्य गिळले ते भीतीने नव्हे.

"सवय होती," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्या अकरा दिवसांपासून."

कुणीतरी खोकल्यात हसू दडवले. अधिकाऱ्याने लिहून घेतले. मग तिची पाळी आली. ती म्हणाली, "अकरा सह्या माझ्या आहेत. मी हात लावून, टॉर्च लावून बघितलं होतं. मी बघितलं ते खरं नव्हतं." एवढेच. पण रेडिओसमोर मौनीच्या मनाला जे लागले नव्हते ते आता लागले.

बाहेरच्या बोळात तो जिन्याकडे निघाला असताना मागून आवाज आला. "ग्राउंड."

तो थांबला. ती समोर येऊन उभी राहिली. मध्ये काच नव्हती, तार नव्हती. तिच्या डोळ्यांखाली थकवा होता आणि ती त्याला वाटली होती त्यापेक्षा वयाने थोडी मोठी होती.

"सवय अकरा दिवसांची नसते हो," ती म्हणाली. "कुठं लिहिणार नाही मी. मला सांगा."

त्याने सांगितले. बाहीचे, जांभळ्या डागाचे, जिन्याच्या पायरीवर राहून गेलेल्या वाक्याचे. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता, पण थांबलाही नाही.

"तो डाग मी घरी गेल्यावर पाहिला," ती म्हणाली. "शाई समजले. शर्ट काय, धुतला की झालं." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तुम्ही मला बघू द्यायला हवं होतं. विमानाभोवती फेरी मारते तेव्हा माझे डोळे एवढंच काय ते माझ्याकडे असतं."

"हो," तो म्हणाला.

"रेडिओवर बोललात, ते सोपं नव्हतं. तेही मी माझ्या लेखी जबाबात दिलंय." कॅप्टननी तिला बोळाच्या टोकावरून हाक मारली. ती वळली, आणि पुन्हा वळून म्हणाली, "त्या सकाळी नुसतं, मॅडम, बाहीला डाग लागलाय, म्हणाला असतात ना..." वाक्य तिने पुरे केले नाही. तिच्या बुटांचा आवाज बोळात लांबत गेला. ते अर्धे वाक्य मौनीपाशी राहिले. त्याच्याकडच्या साऱ्या वाक्यांत तेवढे एकच तिचे होते.

त्याची नोकरी वाचली, पण विमानाशी बोलण्याचे काम गेले ते कायमचे. त्याला चाकांच्या कार्यशाळेत पाठवण्यात आले. लांब पत्र्याची शेड, उंच खिडक्या, रबराचा वास. विमानांवरून उतरवलेली चाके तिथे येत, उघडली जात, तपासली जात, पुन्हा जोडली जात. तिथले मुख्य कारागीर गोल अंगाचे, गोल चष्म्याचे गृहस्थ. त्यांना सगळे चक्रधर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. मौनी आता प्रत्येक ओल मोजतो, प्रत्येक ओरखडा लिहितो, इतके की चक्रधर वैतागतात. "अरे, हे चाक आहे की तुझं आत्मचरित्र? एक पान पुरे!"

ताईने त्यानंतर टोमणा मारायचे सोडले. त्याचेच त्याला जास्त वाईट वाटते.

ती पुन्हा उडू लागली आहे, असे मामांकडून कळले. पण कोणत्या विमानावर, कोणत्या वेळी, ते आता त्याला कळायला मार्ग नाही. वैमानिकांचे वेळापत्रक शेडमध्ये येत नाही. शेडच्या पत्र्यावरून दिवसातून वीस-बावीस विमाने जातात. कोणते इंजिन, कोणत्या कारखान्याचे, ते मौनी आवाजावरून सांगू शकतो. वर कोण बसले आहे, ते आवाज सांगत नाही. म्हणून प्रत्येक विमानाला त्याचा हात थांबतो, पाना तसाच नटावर, मान किंचित वर. आवाज डोंगरापलीकडे पूर्ण विरेपर्यंत तो तसाच उभा राहतो.

"गेलं रे ते," चक्रधर म्हणतात, हात पुसत. "गेलं. आवळ आता नट."

तो नट आवळतो, मापाने, जितका आवळायचा तितकाच. मग वहीत लिहितो. आणि लिहीत असतानाच लांब कुठेतरी दुसरे इंजिन सुरू होते.